उजवी करंगळी

३ फेब्रुवारी

टिल्लू,

तू आता विभागप्रमुख आहेस, तेव्हा या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही हे मला कळतं. पण दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही. फोन करणार होते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मलाही ऐन वेळी सुचत नाही, म्हणून लिहिते.

बाळ जाऊन चार महिने झाले. काल तुमच्या विभागाचं पाकीट आलं, माझ्या गेलेल्या भावाच्या नावावर. मी ते उघडावं की नाही यातच थोडा वेळ गेला. आत छापील पत्र होतं. विभागाला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त पुस्तक निघणार आहे, एकतीस मार्चला छापायला जाईल, तरी आपण मिळवलेल्या यशाची माहिती त्वरित कळवावी. सोबत फॉर्म. फॉर्मवर तीन चौकोन: प्राध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी. एकावर खूण करायची. बाळ तुमच्या मुद्राचित्रणाच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं होता, सगळ्यांचा 'मिस्त्री' म्हणून. तांब्याचे पत्रे घासले, ॲसिड कालवलं, दाबयंत्र चालवलं, मुलांना ते चालवायला शिकवलं. त्याचा चौकोन त्यात नाही. ते असो. मेलेल्या माणसाला यश कळवायला सांगणं ही कारकुनाची चूक, तीही असो.

मी लिहिते आहे ते नमुन्याच्या पानाबद्दल. माहिती कशी लिहावी हे दाखवायला तुमचं एक पान छापून जोडलंय. त्यावर तुझा फोटो आहे आणि तुझ्या 'हात' या सात चित्रांच्या मालिकेतलं एक चित्र, गेल्या वर्षी राष्ट्रीय प्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळालेल्या. तेव्हा तू मिठाई पाठवली होतीस, आम्ही तिघांनी खाल्ली. चित्रं मी पाहिली नव्हती. त्यातलं एक काल पाहिलं.

ते हात आईचे आहेत.

मला वाटलं आपली चूक होत असेल. पान टेबलावर ठेवलं, कुकर लावला, भाजी चिरली, परत येऊन पाहिलं. आईचेच.

हे चित्र कोणी काढलं, एवढं मला कळव.

ताई

आई बरी आहे. तू हल्ली येत नाहीस एवढं तिच्या लक्षात आलंय.


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून शरमेने मान खाली गेली. मिस्त्रीचं नाव यादीतून काढायला मी स्वतः सांगितलं होतं. आमच्या कार्यालयाचं काम म्हणजे आंधळं दळतंय आणि... पुढचं तुला माहीत आहे. कारकुनाला फैलावर घेतलं. पुन्हा असं होणार नाही.

चित्राबद्दल तू विचारलंस ते बरं केलंस. मनात ठेवून कुढत बसण्यापेक्षा हे चांगलं. हो, ते हात मावशीचेच आहेत. मला वाटलं होतं तू ओळखशील आणि खूष होशील! मावशीचे हात मी लहानपणापासून बघत आलोय. त्या शिरा, ती नखं, ती वाकडी उजवी करंगळी, हे सगळं माझ्या डोळ्यांत कोरलेलं आहे. चित्रकाराला समोर माणूस बसवावाच लागतो असं नाही, ताई. आठवणीतून जे येतं ते जास्त खरं असतं.

छपाई अर्थात मिस्त्रीची. त्याच्यासारखा हात या देशात दुसरा नव्हता हे मी त्याच्या शोकसभेत सांगितलं आणि कुठेही सांगेन. आता छापणाऱ्याचं नाव चित्राखाली का नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. तुझ्याच लॅबचं उदाहरण घे. रक्त तपासतेस तू, पण रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते ना? त्यात तुझा अपमान नसतो. कामाची ती रीत असते. आमच्याकडेही तशीच रीत आहे.

पुस्तकाच्या शेवटी आभाराचं पान आहे. त्यात मिस्त्रीचं नाव पहिलं घालायला सांगतो. हा माझा शब्द.

मावशीला नमस्कार. पुस्तकाच्या गडबडीत पाय निघत नाही, पण येतो.

तुझा,
टिल्लू


१४ फेब्रुवारी

टिल्लू,

डॉक्टर रिपोर्टवर सही करतात तेव्हा ते रक्त आपलं आहे असं म्हणत नाहीत.

आईची डावी करंगळी वाकडी आहे. उजवी नाही. डावी.

आणि ती कशी वाकडी झाली हे तुला आठवत नसेल तर मी सांगते. तू सात वर्षांचा होतास. सुट्टीत आमच्याकडे आला होतास, आणि बाळाशी भांडून तू दार आपटलंस. आईचा हात चौकटीत होता. तू पलंगाखाली जाऊन बसलास आणि आईने एका हाताने दुसरा हात धरून तुला हाका मारल्या, 'ये बाहेर रे, कोणी रागावत नाही.' ज्याने बोट मोडलं, ते त्याच्या डोळ्यांत कोरलेलं आहे म्हणे, आणि कुठला हात हे त्याला ठाऊक नाही.

तुझ्या चित्रात मात्र उजवी आहे. तू आईकडे पाहिलेलंच नाहीस. चित्राकडे पाहून मला पत्र लिहिलंस.

मी रक्त तपासणारी बाई आहे, मला कलेतलं कळत नाही हे तू लिहिलं नाहीस, पण वाचता येतं. तरी बाळाबरोबर एका घरात राहिले म्हणून काही गोष्टी कानावरून गेल्या आहेत. तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढायचं, ॲसिडने रेघ खोल करायची, आणि जसं काढाल त्याच्या उलटं कागदावर उमटतं. म्हणून तू आधी कागदावर काढतोस, मग ते उलटं करून पत्र्यावर उतरवतोस. बाळ याच्यावर हसायचा. म्हणायचा, 'टिल्लूला सरळ पत्र्यावर सुई धरायची भीती वाटते.' तू काढलं असतंस तर छापल्यावर डावी करंगळी डावीच राहिली असती. ज्याने हे काढलं तो समोर बसून, आईकडे पाहत, थेट पत्र्यावर काढत होता. म्हणून छापल्यावर डावीची उजवी झाली. आरसा धरून पाहिलं. आरशात आई बरोबर दिसते.

पान आईसमोर धरलं. तिला आता लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. ती म्हणाली, 'हे झालं होय छापून? बाळ म्हणत होता वेळ लागेल.'

मी विचारलं, 'हे कधी काढलं त्याने?'

'तू कामाला गेलीस की. दुपारच्या सुट्टीत यायचा. बसायचा इथे स्टुलावर, मांडीवर पत्रा घेऊन. मला म्हणायचा, आई, हलू नकोस. मी म्हटलं, मेल्या, हलले नाही तर भाजी कोण निवडणार?'

'टिल्लू आला होता का कधी?'

'टिल्लू? त्याला कुठला वेळ? तो मोठा माणूस.'

आभाराचं पान नको. त्या चित्रांखाली बाळाचं नाव घाल. पुस्तक छापायला जायच्या आधी. मला बाकी काही नको.

ताई


२ मार्च

आदरणीय ताई,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

मावशीचं वय एक्क्याऐंशी आहे. तिच्या आठवणीवर आपण किती भार टाकायचा याचा विचार कर. मिस्त्री तिच्यासमोर बसून रेखाटायचा हे मी नाकारत नाही. त्याची काही रेखाटनं मी पाहिली होती, त्यातून मला कल्पना सुचली असेल. कलेत असं होत असतं. कोणाची कल्पना कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते याला कुंपण नसतं.

तू मागतेस ते वाटतं तितकं सोपं नाही. हे पारितोषिक माझं एकट्याचं नाही, विभागाचं आहे. विभागाला वरची श्रेणी मिळते ती अशा यादीवर. प्राध्यापकांची पारितोषिकं किती, मुलांना शिष्यवृत्त्या किती, माजी विद्यार्थी कुठे कुठे पोचले, हे सगळं मोजतात. यादीतली एक वीट काढलीस तर भिंत माझ्या एकट्याच्या अंगावर पडणार नाही. साठ मुलं शिकतात इथे.

मी एक सुचवतो. वर्कशॉपला मिस्त्रीचं नाव देऊ. पितळी पाटी लावू, मावशीच्या हस्ते. आभाराच्या ओळीपेक्षा ते किती मोठं आहे बघ.

आणि आता एक बोलतो, राग मानू नकोस. तू मला विचारतेस चित्र कोणाचं. तू त्याची किती चित्रं पाहिलीस, ताई? तो शेवटची दहा वर्षं तुझ्याच घरात राहत होता. तुमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती. मी त्याची चित्रं रोज पाहत होतो. तू कधी विचारलंस?

आपला,
टिल्लू


९ मार्च

टिल्लू,

नाही विचारलं.

एकदा त्याने चादरीला शाई लावली होती. मी म्हटलं, ते पत्रे घरात आणत जाऊ नकोस. त्यानंतर मी कधी पाहिले नाहीत. आता कळलं की तो आणतच होता, मी यायच्या आधी आवरून ठेवत होता. हे मी तुझ्याकडून ऐकून घेतलं, कारण ते खरं आहे. पण माझ्या चुकीने तुझी चोरी धुऊन निघत नाही. मी पाहिलं नाही. तू पाहिलंस आणि घेतलंस.

शुक्रवारी रजा टाकून तुझ्या विभागात आले होते. तू बाहेरगावी परीक्षक म्हणून गेला होतास. बरंच झालं.

वर्कशॉप शोधत होते तर शिपाई म्हणाला, 'मिस्त्रींच्या खोलीत जायचंय? सरळ जा, वास आला की डावीकडे.' आत जुनं दाबयंत्र, भिंतीला टेकवलेले पत्रे, काचेच्या बरणीत ॲसिडातले बुडबुडे झटकायची पिसं. ॲसिडच्या हौदावर भिंतीत गोल भोक आहे, त्यात पंखा नाही. बाळ सांगायचा पंखा येणार आहे. मी त्याला विचारायची, आला का? तो म्हणायचा, अर्ज वर गेलाय. त्याच्या छातीचा फोटो मी आमच्याच दवाखान्यात पाहिला होता. अर्ज अजून वरच असेल.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी पत्रा घासत होती. कोपरापर्यंत काळी. मी कोण ते सांगितलं तर उठून उभी राहिली, आणि हात कुठे पुसावे ते तिला कळेना.

'मिस्त्रीकाकांच्या ताई? ज्यांना वास चालत नाही त्या?'

म्हटलं, 'हो, त्याच.'

तिने मला तुमच्या त्या पुस्तकाची यादी दाखवली. माजी विद्यार्थ्यांच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, 'हा परदेशात शिकवतो. हिचं प्रदर्शन राजधानीत झालं. याला शिष्यवृत्ती मिळाली. या सगळ्यांना ॲसिडातून पत्रा कधी काढायचा ते काकांनी शिकवलं. सर तासाला येतात, चांगलं बोलतात, पण पत्र्याला हात लावत नाहीत. काका म्हणायचे, घड्याळ बघू नका, बुडबुडे बघा.'

मी विचारलं, 'बाळाचं इथे काही राहिलंय का?'

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, 'तुम्हाला दाखवते. पण मी दाखवलं असं सरांना सांगू नका, माझा निकाल लागायचाय.' मी तुला सांगते आहे. तिच्या निकालाला काही झालं तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. मला ओरडता येत नाही, पण बसता येतं.

तिने खालचा खण ओढला. चाचणीचे ठसे होते, पत्रा पुरा व्हायच्या आधी मधे मधे काढून पाहतात ते. आईच्याच हातांचे. तीसएक तरी असतील. प्रत्येकाच्या कडेला बाळाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं. 'मनगट फार काळं झालं.' 'करंगळीपाशी अजून दोन मिनिटं.' 'आज आईने मटार सोलले, वेग पकडता आला नाही.' 'आई झोपली. उद्या.'

मी काही उचललं नाही. तिथेच आहेत. तुला माहीतच असेल कुठे आहेत ते. कारण सगळ्यात वर जो ठसा होता त्याच्या कडेला तुझं अक्षर आहे. 'वा!' असं लिहिलंयस.

पाटी नको. वर्कशॉपला नाव नको. सात चित्रं आहेत, त्यांखाली नाव पाहिजे. एकतीस मार्चला बावीस दिवस राहिलेत.

ताई


२२ मार्च

ताई,

हे घरून लिहितोय. विभागाचा कागद नाही.

तू आलीस हे मला परत आलो त्याच दिवशी कळलं. मुलीला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. तेरा दिवस झाले, रोज तो खण उघडून बघतो.

चित्रं बाळाची आहेत. सातही. पहिल्या रेषेपासून शेवटच्या छापापर्यंत. मी फक्त सही केली, वीस संचांवर, प्रत्येकी सात, म्हणजे एकशे चाळीस वेळा. सही करताना तो शेजारी बसून मला कागद पुढे सरकवत होता.

कसं झालं ते सांगतो. राष्ट्रीय प्रदर्शनाच्या अर्जात कलासंस्थेतला प्राध्यापक, विद्यार्थी किंवा पदवीधर एवढ्यांनाच प्रवेश असतो. बाळाला पदवी नाही. तो नोकरीला लागला तो पत्रे घासायला. मी त्याला म्हटलं, एवढं काम खणात सडणार आहे का? तो म्हणाला, 'तुझ्या नावाने पाठव. निवड होऊन भिंतीवर लागलं की सांगू. तेव्हा कोण भिंतीवरून काढणार आहे?' आम्ही हसलो. मुलं शाळेत करतात तशी लबाडी वाटली, खरंच. निवड झाली तरी सांगितलं नाही, कारण परीक्षक यायचे होते. मग पहिलं पारितोषिक मिळालं.

समारंभाला तो माझ्याबरोबर आला होता. मागच्या रांगेत बसला होता. मी व्यासपीठावरून पाहिलं, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. परत येताना गाडीत मी म्हटलं, बाळ्या, आता सांगू या. तो म्हणाला, 'राहू दे. महिन्यावर तुझी मुलाखत आली, आधी प्रमुख हो. मग सांग.'

मी राहू दिलं. प्रमुख झालो. मग सांगायचं तर तो खोकायला लागला. मग दवाखाना. तिथे मी दोनदा आलो, दोन्ही वेळा तू होतीस.

तू विचारशील तुला का नाही सांगितलं त्याने. मी विचारलं होतं. तो म्हणाला, 'ताईला भिंतीवर लागल्यावरच दाखवायचं. आधी दाखवलं तर ती म्हणेल, छान आहे रे, पण याचं पुढे काय होणार?'

सोबत विभागाच्या समितीच्या नावाने पत्र लिहून जोडलंय. त्यात सगळं लिहिलं आहे. हे गेलं की मी प्रमुख राहत नाही, कदाचित प्राध्यापकही राहणार नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी याच विभागात येणार होती. पत्र तुझ्याकडे पाठवतोय. तू म्हणशील तसं. तू पुढे पाठवलंस तर माझी तक्रार नाही. तुला वाटलं की बाळाचीच इच्छा होती, तर फाडून टाक.

टिल्लू


२४ मार्च

टिल्लू,

तुझं पत्र परत पाठवते आहे. तू त्यावर सही केलेली नाहीस. दुसऱ्याच्या कामावर एकशे चाळीस सह्या केल्यास आणि स्वतःच्या गुन्ह्यावर एक करवली नाही.

निर्णय माझ्या पदरात टाकतोस? पलंगाखाली बसायची सवय गेली नाही तुझी. बाळाच्या तोंडून 'राहू दे' वदवून घेतलंस, आता माझ्याही तोंडून पाहिजे. म्हणजे उद्या तुला म्हणता येईल की दोघा भावंडांनी सांगितलं म्हणून राहू दिलं. बाळ भोळा होता. मी नाही.

त्याने राहू दे म्हटलं म्हणतोस. म्हटलं असेल. जन्मभर दुसरं काय म्हटलं त्याने? पंख्याला राहू दे, सुट्टीला राहू दे, लग्नाला राहू दे. तुला माहीत होतं तो काय म्हणेल, म्हणून तर विचारलंस. नाही म्हणणाऱ्या माणसाला तू विचारलं नसतंस.

मला त्याचाही राग आला आहे. हे कोणाला सांगायचं म्हणून तुला सांगते, तूच एक उरलास त्याला ओळखणारा. घरातल्या घरात दोन वर्षं लपवलं माझ्यापासून. मला मिठाई खाऊ घातली. 'टिल्लूने नशीब काढलं बघ ताई,' म्हणाला, आणि मी म्हटलं, 'तूही काहीतरी कर की.' तू गेलेला माणूस आहेस, तरी तुझ्याशी बोलणं सोडवत नाही. मी हे वाक्य बाळाला लिहिलं, तुला नाही. खोडत नाही.

आणि माझा राग माझ्यावर आहे तो माझा मी बघेन. त्यात तुला वाटा नाही.

आता ऐक. मी तुझं पत्र पोस्टात टाकणार नाही आणि फाडणारही नाही. आई म्हणाली, 'टिल्लूला सांग, कोणी रागावत नाही.' आईला सांगायचा अधिकार आहे, तिने सांगितलं. मी रागावले आहे. सही कर, तुझ्या हाताने ने, समितीच्या टेबलावर ठेव आणि ते वाचेपर्यंत तिथे उभा राहा. सात दिवस आहेत.

ताई


१९ एप्रिल

ताई,

सव्वीस तारखेला पत्र दिलं. सहीसकट. वाचेपर्यंत उभा राहिलो. नऊ जण होते, एकाने वाचून दुसऱ्याकडे दिलं, कोणी बस म्हणालं नाही.

काल निर्णय आला. प्रमुखपद गेलं. पारितोषिक परत करायचं, ते मी आधीच पाठवलं होतं. नोकरी चौकशी होईपर्यंत आहे. माझी मुलगी दुसरीकडे अर्ज करते आहे. ती माझ्याशी बोलत नाही.

हे मी दया यावी म्हणून लिहिलं नाही. पुढचं सांगायला हात धजत नाही म्हणून आधी हे लिहिलं.

त्यांनी चित्रांखालचं माझं नाव काढायचं ठरवलं. पण बाळाचं घालणार नाहीत. मी भांडलो, ताई. पहिल्यांदा भांडलो. समितीचे सचिव म्हणाले, 'हे पुस्तक विभागाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांच्या यशाचं आहे. ते यांपैकी कोण होते?' मी म्हटलं, ते तिघांचे गुरू होते. ते म्हणाले, 'भावना समजते. पण नियमात बसत नाही.'

मी काय करू?

टिल्लू


७ मे

टिल्लू,

काल पुस्तक आलं. त्या मुलीने आणून दिलं, स्वतः घरी येऊन. आईने तिच्या हाताचा काळेपणा पाहिला आणि तिला साबण दिला.

जाड, गुळगुळीत कागद आहे. पान बेचाळीस. सातही चित्रं नीट छापली आहेत. सगळी एकत्र मी पहिल्यांदा पाहिली. मटार सोलणारे हात आहेत. झोपलेले हात आहेत. एका चित्रात नुसतं मनगट आणि बांगडीची खूण आहे. हे सगळं मी उठता-बसता पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

समितीचा निर्णय यायच्या आधीच पुस्तक छापून झालं होतं, असं मुलगी म्हणाली. म्हणून तुझ्या नावावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली आहे. पांढरी. प्रत्येक प्रतीत. नखाने टोक उचललं तर खाली तुझं नाव दिसतं. वर काही नाही. सात चित्रं, आणि ती कोणी काढली तर एक रिकामी पट्टी.

यादीत प्राध्यापकांची एकवीस पानं आहेत. मुलांची तीस. कोणी कुठे भाषण दिलं, कोण कुठे पाहुणा गेला. एकाने विभागाचं बोधचिन्ह काढलं, त्याला अर्धं पान. सव्वीस वर्षं ज्याच्या हाताखालून यातला प्रत्येक पत्रा गेला त्याला चार बोटं रुंद कोरा कागद. राग म्हणजे काय ते मला इतके दिवस माहीत नव्हतं.

तू विचारलंस काय करू. सांगते.

पाचशे प्रती आहेत. गठ्ठे वर्कशॉपमध्ये ठेवले आहेत, दुसरीकडे जागा नाही म्हणून. सोमवारी समारंभात वाटणार. रविवारी वर्कशॉप बंद असतं आणि किल्ली मुलीकडे आहे. तिचा निकाल लागला, ती पहिली आली, आता ती कोणाला भीत नाही. मी रविवारी सकाळी नऊला तिथे येते आहे. परवानगी मागितलेली नाही. समितीला पत्रही लिहिलेलं नाही. त्यांची पट्टी रिकामी आहे, रिकाम्या जागी लिहिता येतं.

तू येणार आहेस. अडीचशे तू लिहायच्या, अडीचशे मी. काळ्या शाईचं पेन आण, पेन्सिल नको. सचिव आले तर तू बोलशील, मला बोलता येत नाही. मी लिहीत राहीन.

आईला रिक्षाने आणते आहे. तिने ती जागा कधी पाहिली नाही. तिला म्हटलं, तुला काय जमणार तिथे, बस आपली खुर्चीत. ती म्हणाली, 'तुम्ही लिहा. पानं मी उलटीन.'

मी तुला माफ केलेलं नाही. आईसमोर ते दिसू देणार नाही, तूही दाखवू नकोस.

पट्टीवर पूर्ण नाव लिहायचं. त्याचं, बाबांचं, आडनाव. कुठल्याही प्रतीत 'मिस्त्री' लिहिलेलं दिसलं तर ती मी तुझ्यासमोर फाडीन.

ताई